न झालेल्या उत्पाताचा हिशेब

पोर्तुगालच्या किनाऱ्यापासून सुमारे दीड हजार किलोमीटर पश्चिमेला, अटलांटिक महासागराच्या मध्यावर, अझोर्स नावाची नऊ बेटे आहेत. गोमंतकीय वाचकाला हे नाव अगदीच परके नसावे. गोव्याहून मिरी, दालचिनी आणि कापड भरून लिस्बनला परतणारी पोर्तुगीज गलबते आपला अखेरचा मोठा मुक्काम याच बेटांपैकी तेर्सेइरा बेटावरच्या आंग्रा बंदरात करीत. वास्को द गामाचा भाऊ पाउलो द गामा हिंदुस्थानच्या पहिल्या सफरीवरून परतताना १४९९ साली तेथेच वारला आणि तेथेच त्याला मूठमाती मिळाली. त्या तेर्सेइराच्या शेजारी सांव जॉर्ज नावाचे एक बेट आहे. लांबी पन्नास-पंचावन्न किलोमीटर, रुंदी जेमतेम सात. दुरून पाहणाऱ्यास पाण्यावर आडव्या पडलेल्या नौकेसारखे दिसावे असे. वस्ती साडेआठ हजारांच्या आत. गाई पाळणे आणि चीज करणे हा तेथील लोकांचा मुख्य धंदा. १९ मार्च २०२२ रोजी दुपारी या बेटाखालची जमीन थरथरू लागली आणि पुढे कित्येक आठवडे थरथरतच राहिली. त्या थरथरीतून शेवटी निष्पन्न मात्र काहीच झाले नाही. ज्वालामुखी फुटला नाही, मोठा भूकंपही झाला नाही. जे घडलेच नाही त्यावर अग्रलेख लिहावा असे प्रसंग वृत्तपत्राच्या आयुष्यात थोडे येतात. आमच्या मते हा त्यांतला एक आहे.

भूकंप म्हटला की एक मोठा धक्का आणि त्याच्यामागून विरत जाणारे लहान धक्के असे चित्र आपल्या मनात उभे राहते. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी कच्छमध्ये झाले ते तसे होते. पुढे धनी आणि मागे त्याचा लवाजमा. परंतु भूकंपांची दुसरीही एक जात आहे आणि तीत धनी कोणी नसतो. शेकडो, कधी हजारो लहान धक्के, थोड्याफार फरकाने एकाच वजनाचे, दिवसचे दिवस किंवा महिनेच्या महिने एकाच टापूत येत राहतात. पाश्चात्य शास्त्रज्ञांनी त्यांना मधमाश्यांच्या घोंगावणाऱ्या थव्याचे नाव दिले आहे. मराठीत तर 'मोहोळ उठणे' हा शब्दप्रयोग जणू त्यासाठीच घडवून ठेवलेला आहे. तेव्हा या लेखापुरते आम्ही त्यांस भूकंपांचे मोहोळ म्हणणार आहोत.

हे मोहोळ वाटेल तेथे उठू शकते. पण त्याची आवडती जागा म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे जे प्रचंड तुकडे, ज्यांस भूपट्ट म्हणतात, त्यांच्या सीमा. अझोर्स बेटे अशा तीन भूपट्टांच्या तिठ्यावर वसलेली आहेत: उत्तर अमेरिकेचा, युरेशियाचा आणि आफ्रिकेचा. हे पट्ट वर्षाकाठी फार तर बोटभर सरकतात. परंतु त्या सरकण्याने कवच ताणले जाते, त्यास भेगा पडतात आणि खालचा तप्त शिलारस किंवा दाबाखाली कोंडलेले पाणी व वायू त्या भेगांतून वाट काढू पाहतात. पुढे टाकलेल्या प्रत्येक पावलासरशी खडक तडकतो, आणि तो तडा म्हणजेच एक लहान भूकंप. शिलारस पृष्ठभागापर्यंत पोचला तर ज्वालामुखी जागा होतो. ताण शेजारच्या एखाद्या जुन्या मोठ्या भेगेवर जाऊन पडला तर मोठा भूकंप होतो. आणि बहुतेक वेळा यांपैकी काहीच न होता मोहोळाचा दम संपतो व सारे शांत होते. सांगण्याचा मुद्दा असा की आरंभी या तिन्ही वाटा सारख्याच दिसतात. यंत्रे प्रत्येक धक्का मोजतील, त्याची खोली सांगतील, जमीन किती फुगली तेही सांगतील. परंतु यापुढे काय होणार हे आज जगातला कोणताही भूकंपशास्त्रज्ञ छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. या अज्ञानाशी राज्यकर्ते कसे वागतात, हा खरा प्रश्न आहे.

सांव जॉर्जच्या लोकांना आपल्या बेटाचा स्वभाव ठाऊक होता. १५८० आणि १८०८ साली तेथे ज्वालामुखीचे उद्रेक झाले. त्याहूनही भयंकर ठरला तो ९ जुलै १७५७ चा भूकंप. हजाराहून अधिक माणसे त्यात मेली; म्हणजे बेटावरच्या दर पाच माणसांतले सुमारे एक. उभे कडे कोसळून समुद्रात गेले आणि किनाऱ्याला नव्या सपाट पट्ट्या तयार झाल्या. त्या भूकंपाला बेटावर आजही ज्या नावाने ओळखतात त्याचा अर्थ 'देवाचा हुकूम' असा आहे. या नावात त्या काळाची सारी समजूत सामावलेली आहे. त्याआधी दोनच वर्षे, १ नोव्हेंबर १७५५ रोजी, खुद्द लिस्बन शहर भूकंप, समुद्राची लाट आणि आग या तिघांच्या तडाख्यात सापडून उद्ध्वस्त झाले होते, आणि तोही ईश्वरी कोपच असे मालाग्रिदा नावाचा जेझुइट धर्मोपदेशक छापील पत्रकातून सांगत होता. आपणही यात फारसे वेगळे नव्हतो. वराहमिहिराने बृहत्संहितेत भूकंपास एक सबंध अध्याय दिला आहे आणि समुद्रातले प्रचंड प्राणी, पृथ्वी तोलून धरणारे दिग्गज, आकाशात एकमेकांवर आदळणारे वारे अशी आधीच्या आचार्यांची नाना मते त्यात नोंदविली आहेत. सामान्य माणसाला मात्र शेषाने मस्तक हलविले एवढे पुरे होते.

परंतु लिस्बनच्या त्याच राखेतून एक नवी गोष्ट निघाली. पोर्तुगालचा त्या वेळचा मंत्री, जो पुढे मार्केस द पोंबाल म्हणून ओळखला गेला, त्याने १७५६ साली राज्यातल्या चर्चच्या प्रत्येक परगण्याकडे एक प्रश्नावली धाडली. धक्का केव्हा सुरू झाला, किती वेळ टिकला, घरे किती पडली, माणसे किती मेली, समुद्र आधी चढला की ओसरला, नंतर आणखी धक्के आले काय. कोपाचे कारण त्याने विचारले नाही. काय दिसले तेवढे विचारले. भूकंपशास्त्राचा आरंभ सांगताना पुष्कळ अभ्यासक या प्रश्नावलीकडे बोट दाखवितात. पोंबालविषयी आम्हांस अकारण प्रेम असण्याचे कारण नाही. तो हुकूमशाही वृत्तीचा पुरुष होता आणि मालाग्रिदाचा शेवट १७६१ साली त्याच्याच कारकिर्दीत इन्क्विझिशनच्या हातून झाला. पण ज्या इन्क्विझिशनने गोव्यातील हिंदूंना दोन शतके छळले ते १७७४ साली त्यानेच बंद करविले, जरी चार वर्षांत ते पुन्हा उभे राहिले, हेही लक्षात ठेवणे न्यायाचे होईल. लोकांना प्रश्न विचारून त्यांची उत्तरे जपून ठेवणारे सरकार एका अर्थी लोकांवर विश्वास ठेवीत असते.

हा विश्वास त्या देशात पुढे फार काळ टिकला नाही. सप्टेंबर १९५७ मध्ये अझोर्सपैकीच फायाल बेटाला अकरा-बारा दिवस दोनशेहून अधिक लहान धक्के बसले आणि २७ तारखेस कापेलिन्युश येथे किनाऱ्याजवळचा समुद्र उकळू लागला. तो उद्रेक तेरा महिने चालला. राखेखाली शेते गेली, घरे गेली, आणि अमेरिकेने त्या लोकांसाठी १९५८ साली खास कायदा केला म्हणून हजारो माणसे समुद्र ओलांडून कायमची निघून गेली. त्या कायद्याच्या पुरस्कर्त्यांत त्या वेळचे सिनेटर जॉन केनेडी होते. पुढे फेब्रुवारी १९६४ मध्ये सांव जॉर्ज बेटावर मोहोळ उठले आणि तेथूनही हजारोंना आपली घरे सोडून शेजारच्या बेटांचा आसरा घ्यावा लागला. या दोन्ही वेळी लिस्बनला सालाझारची राजवट होती आणि छापखान्यात जाणारी प्रत्येक ओळ सेन्सॉरच्या निळ्या पेन्सिलीखालून जात होती. ती निळी पेन्सिल गोमंतकातल्या वृत्तपत्रांनीही डिसेंबर १९६१ पर्यंत पुरेपूर अनुभवली. ज्या राज्यात वाईट बातमी हा राजद्रोह मानला जातो, तेथे जमीन हलली तरी ती हलली असे सांगण्यास आधी परवानगी लागते.

म्हणूनच २०२२ चे वर्तन मुद्दाम पाहण्यासारखे आहे. त्या वेळी पोर्तुगालचे पंतप्रधान होते आंतोनियो कॉश्ता. त्यांच्या वडिलांचे, साहित्यिक ओर्लांदो द कॉश्ता यांचे घराणे मडगावचे, आणि ते स्वतः सालाझारशाहीचे विरोधक. हा योगायोग आम्ही केवळ जाता जाता नोंदवितो, कारण बेटावरचा कारभार अझोर्सच्या प्रादेशिक सरकारच्या हाती असतो. मोहोळ उठल्यावर चारच दिवसांनी, २३ मार्च रोजी, बेटांवरील भूकंप-ज्वालामुखी निरीक्षण केंद्राने इशाऱ्याची चौथी पायरी जाहीर केली. तिचा शब्दशः अर्थ 'उद्रेकाची खरीखुरी शक्यता' असा आहे. लक्षात घ्या, उद्रेक होणार असे कोणी म्हटले नाही. घाबरू नका, काही होणार नाही, असेही कोणी म्हटले नाही. शक्यता आहे, ती खरी आहे, आणि यापलीकडे आम्हांस ठाऊक नाही, असे सांगितले गेले.

सांगून सरकार थांबले नाही. मोहोळ बेटाच्या पश्चिमेकडील वेलाश या मुख्य गावाच्या बाजूला होते. तेथील आरोग्यकेंद्रातले रुग्ण आणि वृद्धाश्रमातली माणसे बेटाच्या दुसऱ्या टोकाकडच्या कालेता गावी हलविली गेली. कड्यांच्या पायथ्याशी असलेल्या सपाट पट्ट्यांवरची वस्ती रिकामी करण्यास सांगितले, कारण १७५७ साली माणसे मारली ती मुख्यतः या कड्यांनी. धडधाकट माणसांवर मात्र सक्ती केली नाही. ज्यांना जायचे त्यांच्यासाठी बोटी आणि विमाने होती, आणि हजार-दीड हजार लोक बेट सोडून गेलेही. राहिलेल्यांनी दारापाशी कपड्यांची पिशवी बांधून ठेवली आणि गाईंच्या धारा काढल्या. मार्च संपेतो यंत्रांनी हजारो धक्के नोंदले होते, त्यांतले दोनशेहून काही अधिक माणसांना जाणवले. सर्वांत मोठा चाराच्याही आतला. मग धक्के विरळ होत गेले, माणसे परतली आणि जूनमध्ये इशारा एका पायरीने खाली उतरला.

फुकटची धावपळ झाली, असे म्हणणारे तेथेही निघाले असतीलच. परंतु उपग्रहांच्या मापनात बेटाची जमीन काही सेंटिमीटर उचलली गेल्याचे दिसले, आणि पुढील अभ्यासांनी शिलारस खरोखरच वर चढून पृष्ठभागाखाली अडून राहिला होता असे दाखविले. धोका काल्पनिक नव्हता. तो फक्त आला नाही. एखादा साप उंबऱ्यापर्यंत येऊन परत फिरला, तर सापच नव्हता असे शहाणा माणूस म्हणत नाही.

त्याच अटलांटिकच्या मधल्या भेगेवर, दूर उत्तरेस, आइसलँडमध्ये ग्रिंडाविक नावाचे मच्छीमारांचे गाव आहे. १० नोव्हेंबर २०२३ रोजी तेथे मोहोळ इतके माजले की त्याच रात्री गावातल्या सुमारे ३,८०० माणसांना बाहेर काढण्यात आले. उद्रेक झाला तो महिना उलटून गेल्यावर, १८ डिसेंबरला, आणि तोही गावाबाहेर. नाताळच्या सुमारास लोकांना घरी येऊ दिले. मग १४ जानेवारी २०२४ च्या पहाटे धक्के पुन्हा वाढताच गाव पुन्हा रिकामे केले आणि काही तासांत लाव्हारसाने गावाच्या कडेची तीन घरे गिळली. घरांत माणूस नव्हता. नोव्हेंबरात बाहेर काढल्यावर पाच आठवडे काहीच फुटले नाही म्हणून सरकारला दूषण देणाऱ्याने जानेवारीत काय म्हटले असते?

आता याची दुसरी बाजू. मध्य इटलीतल्या अपेनाइन डोंगरांत, आफ्रिका आणि युरेशिया यांच्या त्याच गुंतागुंतीच्या सीमेलगत, लाक्विला नावाचे मध्ययुगीन शहर आहे. २००८ च्या अखेरीपासून तेथे लहान धक्के सुरू झाले आणि २००९ च्या जानेवारीपासून वाढत गेले. एका तंत्रज्ञाने जमिनीतून निघणाऱ्या रेडॉन वायूच्या मापनावरून भाकिते सांगण्यास सुरुवात केली. त्याचे एक भाकीत साफ चुकले आणि घबराट पसरविल्याबद्दल त्याच्यावर कारवाई झाली. ३० मार्चला चाराहून किंचित मोठा धक्का बसला. लोक भेदरलेले. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती आयोगाच्या तज्ज्ञांची बैठक त्याच शहरात भरली. ही बैठक मुळात वृत्तपत्रांसाठी, लोकांना शांत करण्यासाठी आहे, अशा अर्थाचे वरिष्ठ अधिकाऱ्याचे दूरध्वनीवरील संभाषण पुढे उजेडात आले. बैठकीआधी नागरी संरक्षण खात्याच्या उपप्रमुखाने दूरचित्रवाणीच्या बातमीदाराला सांगितले की लहान धक्क्यांतून शक्ती सतत बाहेर पडते आहे, तेव्हा परिस्थिती अनुकूल आहे. मग घरी बसून निवांत एक पेला वाईन घ्यायची ना, असे बातमीदाराने विचारले. त्याने होकार दिला आणि कोणती वाईन तेही सांगितले.

लहान धक्क्यांनी ताण निघून जातो ही समजूत ऐकण्यास गोड आहे. ती आपल्याकडेही कोयनेच्या परिसरात शेकडो वेळा ऐकविली गेली असेल. परंतु ती चुकीची आहे. भूकंपाच्या मोजपट्टीवर एक अंक वाढला की बाहेर पडणारी शक्ती सुमारे बत्तीस पट होते. चाराचे हजार धक्के बसावेत तेव्हा सहाच्या एका धक्क्याएवढी शक्ती निघते. लहान धक्क्यांनी मोठ्याची फेड होत नाही.

लाक्विलात जुनी रीत अशी की रात्री धक्का बसला की मुलेबाळे घेऊन घराबाहेर पडायचे, चौकात किंवा गाडीत रात्र काढायची. आजोबांनी बापाला आणि बापाने मुलाला शिकविलेली रीत. ५ एप्रिलच्या रात्री अकराच्या सुमारास धक्का बसला. कित्येक कुटुंबे या वेळी बाहेर गेली नाहीत. सरकारने धीर दिला होता. पहाटे ३ वाजून ३२ मिनिटांनी ६.३ चा भूकंप झाला. ३०९ माणसे मेली.

पुढचा खटला जगभर गाजला तो 'भाकीत न केल्याबद्दल शास्त्रज्ञांना शिक्षा' अशा मथळ्यांनी. त्यात फार तथ्य नव्हते. आरोप भाकीत न केल्याचा नव्हता, खोटा धीर दिल्याचा होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये सात जणांना प्रत्येकी सहा वर्षांची शिक्षा झाली. नोव्हेंबर २०१४ मध्ये अपिलात सहा शास्त्रज्ञ निर्दोष सुटले आणि त्या उपप्रमुखाची शिक्षा दोन वर्षांवर आली. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केले. आम्हांस हा निकाल योग्य वाटतो. शास्त्रज्ञाने आपल्याला ठाऊक नाही असे म्हणणे हा गुन्हा नव्हे. त्याच्या 'ठाऊक नाही'चे 'काही नाही' असे भाषांतर करून ते लोकांच्या गळी उतरविणे हा मात्र गुन्हा आहे. तो बहुधा अधिकाऱ्याच्या हातून घडतो, पण वृत्तपत्रांचा हात त्यात नसतोच असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हलका नाही. दर मोहोळाला गावे रिकामी करीत बसलो तर तिसऱ्या वेळी कोणी हलणार नाही. लांडगा आला रे आला अशी गत होईल. चीनचा अनुभव येथे उपयोगी आहे. ४ फेब्रुवारी १९७५ रोजी हायचेंग येथे सातावरचा भूकंप झाला. आधी काही दिवस लहान धक्क्यांची रीघ लागली होती, म्हणून पुष्कळ वस्ती घराबाहेर काढली गेली होती. मेली सुमारे दोन हजार माणसे. घरांत असती तर आकडा कितीतरी पट झाला असता. भूकंपाचे भाकीत साधले, असा डंका पिटला गेला. आणि दीडच वर्षात, २८ जुलै १९७६ च्या पहाटे, तांगशान शहर झोपेतच गाडले गेले. सरकारी आकड्याप्रमाणे मृत्यू दोन लाख बेचाळीस हजार. तेथे आधी धक्क्यांचे मोहोळ उठलेच नव्हते. म्हणजे जमीन कधी आधी सांगते, कधी सांगत नाही, आणि कधी सांगून काहीच करीत नाही. तेव्हा लांडग्याच्या गोष्टीचा दाखला येथे लागू पडत नाही. त्या गोष्टीतला पोर लांडगा पाहिल्याचे खोटे सांगत होता. पावलांचे ठसे दिसतात, लांडगा दिसत नाही, एवढेच जो खरे सांगतो त्याच्यावरचा विश्वास उडण्याचे कारण नाही. सांव जॉर्जच्या लोकांचा विश्वास टिकला असेल तर त्याचे कारण हेच.

आक्षेपाचा दुसरा भाग अधिक टोचणारा आहे. बेट सोडून जाणाऱ्या युरोपीय नागरिकामागे त्याचे सरकार उभे असते. हातावर पोट असलेल्या माणसाला घर सोडा म्हणणे म्हणजे मजुरी सोडा म्हणणे. त्याची गुरे कोण सांभाळणार, त्याची झोपडी कोण राखणार, चुकलेल्या रोजाचे पैसे कोण देणार? हे प्रश्न ज्या सरकारने आधी सोडविले नाहीत, त्याने इशारा दिला तरी तो इशारा गरिबाच्या कानापर्यंत पोचूनही पायापर्यंत पोचत नाही.

आपला महाराष्ट्र आणि गोवा भूपट्टांच्या सीमेवर नाहीत; त्या अर्थी आपली भूमी अझोर्ससारखी किंवा इटलीसारखी नाही. परंतु म्हणून मोहोळ आपल्याला अनोळखी आहे असे नव्हे. कोयनेच्या जलाशयात पाणी साठू लागल्यापासून त्या खोऱ्यात लहान धक्के जाणवू लागले होते. १९६७ च्या सप्टेंबरात एक जोराचा धक्का बसला आणि ११ डिसेंबरच्या पहाटे ६.३ चा भूकंप होऊन कोयनानगर कोसळले. त्याचे हादरे गोव्यापर्यंत पोचले. किल्लारीची गोष्ट त्याहूनही जिव्हारी लागणारी आहे. १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत त्या भागात शंभराहून अधिक लहान धक्के बसले होते; सर्वांत मोठा सुमारे चाराचा. मग जमीन गप्प झाली. वर्षभराने, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली असताना, दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची धाबी माणसांवर आली. दहा हजारांच्या घरात माणसे गेली. त्या मधल्या वर्षात कोणी भाकीत करायला हवे होते, असे आम्ही म्हणत नाही. ते शक्यच नव्हते. पण डोक्यावरच्या धाब्याचे वजन कमी करणे शक्य होते. निदान माणसांना रात्री कोणत्या भिंतीखाली निजू नये एवढे सांगणे शक्य होते.

आणि नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात जे मोहोळ उठले, ते तर कालपरवाचे. हजारो धक्के यंत्रांनी नोंदले. वारल्यांच्या पाड्यांतली माणसे भर थंडीत उघड्यावर निजू लागली, सरकारने तंबू दिले, हैदराबादहून आणि दिल्लीहून शास्त्रज्ञ यंत्रे घेऊन आले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी, चाराहून थोड्या मोठ्या धक्क्याच्या वेळी, घाबरून पळताना एक चिमुरडी पडून दगावली. भिंत नव्हे, भीती तिच्या जिवावर उठली. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांत खोल उतरून धक्के उठत असावेत, असे शास्त्रज्ञांचे प्रमुख अनुमान आहे. परंतु हे अनुमान, त्यातली खात्री किती आणि शंका किती, त्या पाड्यावरच्या माणसाला त्याच्या भाषेत कोणी किती वेळा सांगितले?

आमची मागणी मोठी नाही. जेथे मोहोळ उठेल तेथे दर आठवड्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर धक्क्यांची संख्या, सर्वांत मोठ्याचे मान, खोली आणि इशाऱ्याची पायरी लोकभाषेत लिहिली जावी, आणि ज्या आठवड्यात शास्त्रज्ञांना काही सांगता येत नसेल त्या आठवड्यात तसेच लिहावे. शाळा, अंगणवाडी आणि दवाखाना यांच्या भिंती आधी तपासाव्यात, कारण सांव जॉर्जवर आधी हलविले ते आजारी आणि म्हातारे. घर सोडावे लागणाऱ्यास रोजाची भरपाई इशाऱ्याबरोबरच जाहीर व्हावी. धोका टळल्यावर ती परत मागू नये. आणि आम्हां वृत्तपत्रवाल्यांनी मोठ्या भूकंपाचा मुहूर्त सांगणाऱ्या ज्योतिष्याला आणि 'घाबरण्याचे कारण नाही' एवढेच म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला सारखीच जागा द्यावी, म्हणजे पहिल्या पानावर दोघांनाही नाही. पालघरमधले धक्के विरळ झाले असतील, पण ती यंत्रे काढून नेऊ नयेत आणि फळा पुसू नये. पावसाळे येतच राहणार आहेत.